प्रकाश, पृष्ठभाग आणि रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर रंगवायला काढताना, साडी निवडताना, पावसात अंगणाची भिंत काळपट झालेली पाहताना किंवा मुलांच्या शाळेतील प्रकल्पाच्या निमित्ताने रंगांविषयी जे प्रश्न हमखास निघतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे शक्यतो गोव्यातील आणि रोजच्या पाहण्यातली घेतली आहेत, म्हणजे वाचकाला ती स्वतः पडताळून पाहता येतील.

रंग वस्तूत असतो की प्रकाशात?

दोहोंपैकी कोणत्याही एकात तो पूर्णपणे नसतो. रंग दिसण्यासाठी तीन गोष्टी लागतात : प्रकाश, तो ज्यावर पडतो ती वस्तू, आणि पाहणारा डोळा व त्याच्या जोडीला मेंदू. यांपैकी एक बदलले तरी रंग बदलू शकतो. म्हणूनच ‘या वस्तूचा खरा रंग कोणता’ असे कोणी विचारले, तर ‘कोणत्या उजेडात’ असा उलट प्रश्न केल्याशिवाय नीट उत्तर देता येत नाही, आणि या पानावरील बरीचशी उत्तरे फिरून याच उलट प्रश्नापाशी येतात.

सूर्यप्रकाश पांढरा वाटत असला तरी तो अनेक रंगांच्या प्रकाशाचे मिश्रण असतो, हे आयझॅक न्यूटन यांनी लोलकाच्या प्रयोगांतून दाखवले आणि १६७२ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. जांभळ्या टोकाला ती सर्वांत कमी आणि तांबड्या टोकाला सर्वांत जास्त असते. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) वस्तूजवळ स्वतःचे असते ते एवढेच, की कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश तिने किती शोषून घ्यायचा आणि किती परत पाठवायचा याचे प्रमाण ठरलेले असते. दिवाळीच्या आकाशकंदिलात किंवा नाताळच्या ताऱ्यात लावतात तसला निव्वळ हिरवा एलईडी दिवा अंधाऱ्या खोलीत लावून त्यापुढे जास्वंदीचे लाल फूल धरावे. फूल जवळजवळ काळे दिसते. त्याच्या पाकळ्यांत काहीही बदललेले नसते. त्यांना परत पाठवता येईल असा तांबडा प्रकाश त्या दिव्यात नसतो, इतकेच.

डोळ्याला रंग कसा कळतो?

डोळ्याच्या पडद्यावर म्हणजे दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. प्रत्येक डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी असतात. त्या मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग ओळखता येत नाहीत. सुमारे ६० लाख शंकुपेशी भरपूर उजेडात काम करतात आणि त्या तीन जातींच्या असतात. एक जात लहान तरंगलांबीच्या, दुसरी मध्यम आणि तिसरी मोठ्या तरंगलांबीच्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देते. मेंदूपर्यंत पोहोचते ती या तीन प्रतिसादांची तुलना. प्रकाशात नेमक्या कोणत्या तरंगलांबी होत्या याची यादी त्याला मिळत नाही.

याचा परिणाम फार महत्त्वाचा आहे. दोन प्रकाश मुळात अगदी वेगळे असूनही तिन्ही जातींना सारखेच उद्दीपित करत असतील, तर डोळा त्यांना एकच रंग मानतो. मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या लिंबात पिवळ्या तरंगलांबीचा प्रकाश जवळजवळ नसतो. तेथे तांबडे आणि हिरवे बारीक ठिपके शेजारी शेजारी प्रकाशत असतात. पडद्याच्या कोपऱ्यावर पाण्याचा अगदी लहान थेंब ठेवून पाहिले तर थेंब भिंगाचे काम करतो आणि ते ठिपके वेगवेगळे दिसू लागतात.

पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशाचे नेमके काय होते?

फणसाचे एक पान उन्हात हातात घेऊन पाहावे. पान थोडे कलते केले की त्यावर एक पांढरी चकाकी दिसते आणि त्या जागी पानाचा हिरवा रंग लपतो. पान पुन्हा फिरवले की हिरवा रंग परत येतो. एकाच पानावर दोन वेगळ्या वाटांनी आलेला प्रकाश येथे दिसतो. चकाकीचा प्रकाश पानात शिरलेलाच नसतो. वरच्या गुळगुळीत, मेणचट थरावरून तो थेट परततो आणि त्यामुळे उन्हाचाच रंग घेऊन येतो. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण चार-पाच टक्के असा परततो, तिरप्या कोनातून त्याहून बराच अधिक. उरलेला प्रकाश आत शिरतो, पेशींच्या भिंतींवर आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्यांवर आपटत दिशा बदलतो, वाटेत हरितद्रव्य त्यातील निळा आणि तांबडा भाग बराचसा शोषून घेते, आणि जो उरून बाहेर येतो तो हिरवट असतो. आपण पानाचा रंग म्हणतो तो आत जाऊन आलेल्या या प्रकाशाचा.

लाकूड, कापड, प्लास्टिक, तैलरंग, मातीची भांडी या सर्वांना हेच लागू पडते. धातूंचे मात्र वेगळे आहे. धातूत प्रकाश फार खोल शिरतच नाही, जवळजवळ सर्व काम पृष्ठभागावरच होते, आणि सोने व तांबे हे धातू निळा प्रकाश इतरांपेक्षा कमी परत पाठवतात. त्यामुळे घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या घागरीवरची चकाकीसुद्धा तांबूस असते. चित्र काढणाऱ्या मुलांना मी हे आवर्जून सांगतो, कारण प्लास्टिकच्या बादलीवरची चकाकी पांढरी आणि तांब्याच्या घागरीवरची तांबूस रंगवली, की दोन्ही वस्तू कशाच्या आहेत हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

गोव्यातील माती आणि चिरे लाल का असतात?

लोहामुळे. चिरे म्हणजे जांभा दगडाचे कापलेले ठोकळे. जांभा दगड मुसळधार पाऊस आणि उष्णता यांच्या दीर्घकालीन परिणामातून तयार होतो. पाण्याबरोबर सिलिका आणि इतर विरघळणारे घटक हळूहळू वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. लोहाची जी ऑक्साइडे उरतात त्यांतील हेमॅटाइट लाल आणि गोएथाइट पिवळसर तपकिरी असते. चिऱ्याच्या खाणीत कापलेल्या ताज्या चिऱ्यावर लाल, पिवळे आणि जांभळट डाग एकत्र दिसतात, ते या दोहोंच्या कमीअधिक प्रमाणामुळे. या खनिजांतील लोहाचे अणू जांभळा, निळा आणि हिरवा प्रकाश जोरदार शोषून घेतात. परत येतो तो मुख्यतः तांबडा आणि नारिंगी.

हेमॅटाइटच्या बाबतीत कणांचा आकारही महत्त्वाचा असतो. डिचोली किंवा सांग्याकडील खाणींमधले खनिजाचे भरीव ढेकूळ करडे-काळे, धातूसारखे चमकदार असू शकते. तेच ढेकूळ खडबडीत पांढऱ्या फरशीवर घासले, तर रेघ लालच उमटते. ढेकळात शिरलेला प्रकाश बाहेर येण्याआधीच पूर्ण शोषला जातो, बारीक भुकटीत मात्र त्याला थोडेच अंतर कापावे लागते, म्हणून तांबडा भाग निसटून परत येऊ शकतो. खनिजाच्या वाहतुकीच्या रस्त्याकडेची झाडे लाल धुळीने माखतात आणि वाहनातले खनिज काळपट दिसते, यात विसंगती नाही.

पावसात चिऱ्याची भिंत इतकी गडद का होते?

हा प्रश्न दर जूनमध्ये निघतो, आणि मला तो या पानावरील सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो, कारण पाण्याला स्वतःचा असा रंग जवळपास नसताना ते दगडाचा रंग बदलते.

कोरडा चिरा सच्छिद्र असतो. त्याच्या कणाकणांत हवा भरलेली असते. प्रकाश हवेतून खनिजात किंवा खनिजातून हवेत जाताना दोन्हींच्या वक्रीभवनांकांत (प्रकाश त्या पदार्थात शिरताना किती वळतो हे सांगणाऱ्या आकड्यांत) मोठा फरक असल्याने तो प्रत्येक सीमेवर बराच विखुरतो आणि थोड्याच अंतरावरून बाहेर परततो. पाऊस पडला की छिद्रांतील हवेची जागा पाणी घेते. हवेचा वक्रीभवनांक १, पाण्याचा १.३३, आणि खनिजांचा दीड किंवा त्याहून अधिक, म्हणजे सीमेवरचा फरक कमी होतो. विखुरणे मंदावते, प्रकाश पुढे पुढे जात खोल शिरतो, अधिक लोहकणांना भेटतो आणि वाटेत अधिक शोषला जातो. याशिवाय दगडावर पाण्याचा पातळ थर असतो. दगडाकडून बाहेर निघालेल्या प्रकाशाचा जो भाग या थराच्या वरच्या पृष्ठाला फार तिरपा येऊन भिडतो, तो बाहेर पडू शकत नाही. त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन तो पुन्हा दगडावर जातो, आणि दगडाला तो शोषण्याची आणखी एक संधी मिळते. सर्व दिशांना विखुरलेल्या प्रकाशाचा जवळपास निम्मा भाग अशा रीतीने परत फिरतो. त्यामुळे ओली भिंत गडद होते, आणि हिरवा-निळा प्रकाश आणखी कमी झाल्याने तिची लाली अधिक दाट वाटते.

कोरड्या चिऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून लक्ष द्यावे. गडद डाग थेंबाच्या कडेपाशी थांबत नाही. पाणी छिद्रांतून जसजसे पसरते तसतशी त्याची कड बाहेर सरकते, आणि वर थेंब उरला नाही तरी डाग काही वेळ टिकतो. मिरामारच्या किनाऱ्यावर लाट मागे गेल्यावर राहिलेली गडद वाळू, घामाने ओला झालेला सदरा आणि पॉलिश लावल्यावर गडद झालेले सागवानी दार या सर्वांत हीच क्रिया असते. पॉलिश वाळल्यावरही छिद्रांत राहते, म्हणून दार पुन्हा फिके होत नाही. पावसाच्या अखेरीस भिंतीवर राहणारा काळा-हिरवा थर मात्र शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा असतो. तो पाणी सुकल्यावर जात नाही.

मग पांढरा रंग कशामुळे दिसतो?

बहुतेक वेळा पारदर्शक वस्तूंच्या बारीक तुकड्यांमुळे. मिठागरातील मिठाचा एकेक मोठा खडा पाहिला तर तो काचेसारखा असतो, रास मात्र शुभ्र असते. मिठाला रंग नाही, ते दृश्य प्रकाशातले काहीच विशेष शोषत नाही, आणि हजारो कणांच्या पृष्ठांवरून सर्व रंगांचा प्रकाश सारख्याच प्रमाणात विखुरून परत येतो. सर्व रंग समप्रमाणात परत आले की डोळा त्याला पांढरा म्हणतो. फुटणाऱ्या लाटेचा फेस, चुन्याचा थर आणि नारळाचे दूध यांचा पांढरेपणा असाच आहे. नारळाच्या दुधात पाणी आणि तेल हे दोन्ही जवळपास रंगहीन पदार्थ असतात. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात विखुरले गेल्याने ते पांढरे दिसते. त्यात आमसुलाचे गडद लाल पाणी मिसळले की हिरवा आणि निळा प्रकाश काही अंशी शोषला जातो, पण तेलाचे थेंब उरलेला प्रकाश भरपूर परत पाठवतात, आणि सोलकढी गुलाबी दिसते. याच कारणामुळे दूध पातळ झालेली सोलकढी लाल पाण्यासारखी आणि निस्तेज वाटते.

जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चौकोनी कापलेले शिंपले बसवलेले असत, आणि काही घरांत ते आजही आहेत. हे शिंपले प्रकाश आत येऊ देतात, पण आतल्या थरांवरून त्याला सर्व दिशांना पसरवतात. त्यामुळे बाहेरचे दृश्य दिसत नाही आणि खोलीत मऊ, पांढरट उजेड येतो. दुपारच्या उन्हासाठी याहून चांगले तावदान मला ठाऊक नाही.

पांढऱ्या भिंतीवरची सावली निळसर का वाटते?

कारण सावलीत ऊन पोहोचत नसले तरी आकाशाचा प्रकाश पोहोचतो, आणि तो निळा असतो. पावसाळा संपल्यावरच्या निरभ्र सकाळी पणजीच्या चर्चच्या शुभ्र दर्शनी भागाकडे पाहावे. उन्हातली भिंत किंचित पिवळसर आणि खोबणींतल्या सावल्या निळसर असतात. प्रत्यक्ष पाहताना हा फरक सहसा लक्षात येत नाही, कारण मेंदू उजेडाचा रंग वजा करून भिंत सगळीकडे पांढरीच आहे असे आपल्याला दाखवतो. छायाचित्रात तो चटकन दिसतो. जाड कागदाला बारीक छिद्र पाडून त्यातून फक्त सावलीचा तुकडा पाहिला तर डोळ्यांनाही तो कळतो.

आकाश निळे, सूर्यास्त तांबडा आणि समुद्र कधी निळा, कधी मातकट असे का?

हवेतील रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतात. इतके लहान कण आखूड तरंगलांबीचा प्रकाश फार जास्त विखुरतात. विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते, त्यामुळे ४०० नॅनोमीटरचा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या प्रकाशापेक्षा नऊपटींहून अधिक विखुरतो. माथ्यावरच्या आकाशातून आपल्याकडे येतो तो हा विखुरलेला प्रकाश. संध्याकाळी मिरामारवर किंवा कळंगुटला मावळतीचे किरण वातावरणातून फार लांबची वाट कापून येतात. निळा भाग वाटेत निघून गेलेला असतो आणि नारिंगी-तांबडा उरतो.

समुद्राचा निळेपणा म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असा समज एकेकाळी शास्त्रज्ञांमध्येही होता. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये इंग्लंडहून जहाजाने परतताना भूमध्य समुद्राच्या पाण्याचे निरीक्षण केले. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश एका खास प्रकारच्या लोलकाच्या साहाय्याने अडवूनही पाणी निळेच दिसते, हे त्यांनी दाखवले. प्रकाशाच्या विकिरणाचा (विखुरण्याचा) त्यांचा अभ्यास पुढे २८ फेब्रुवारी १९२८ च्या ‘रामन परिणामा’च्या शोधापर्यंत आणि १९३० च्या नोबेल पारितोषिकापर्यंत गेला. विकिरणाच्या जोडीला पाण्याचे शोषणही असते. पाणी तांबडा प्रकाश शोषते, एक मीटर खोलीतच गडद तांबड्या प्रकाशाचा बराच मोठा भाग नाहीसा होतो, तर निळा कितीतरी खोल जातो. ग्रांद बेटाजवळ पाण्याखाली उतरणाऱ्यांना लाल रंगाचा मासा काळपट दिसतो, आणि दिव्याचा झोत टाकताच तो लाल होतो.

गोव्याच्या किनाऱ्याजवळचे पाणी मात्र पावसाळ्यात मांडवी आणि जुवारी यांनी आणलेल्या गाळाने भरलेले असते. लोहयुक्त बारीक कण निळा प्रकाश शोषतात, इतर रंग विखुरतात, आणि पाणी मातकट दिसते. गाळ नसलेल्या पण सूक्ष्म वनस्पती असलेल्या पाण्याला हिरवट छटा येते.

खंड्याचा निळा, मोराचा हिरवा आणि बांगड्याची चमक हे रंग कशाचे?

हे रंग रंगद्रव्यातून नव्हे, तर रचनेतून येतात. चोडणच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात खारफुटीच्या फांदीवर बसलेला खंड्या पाहिला तर त्याची पाठ झगझगीत निळी दिसते, पण त्या पिसांत निळे रंगद्रव्य नसते. पिसाच्या तंतूंत केराटिन (आपल्या नखांतही असते ते प्रथिन) आणि हवा यांची स्पंजासारखी जाळी असते आणि तिच्यातील अंतरे निळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीशी जुळणारी असतात. त्यामुळे परतणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या लहरी एकमेकींना बळ देतात आणि इतर रंगांच्या लहरी एकमेकींना मारक ठरतात. असे पीस बारीक कुटले तर रचना मोडते आणि निळा रंगही जातो. लहान खंड्याच्या छातीचा नारिंगी रंग मात्र रंगद्रव्याचाच असतो. मोराच्या पिसात मेलॅनिन या गडद द्रव्याच्या सूक्ष्म कांड्या सुमारे दीडशे नॅनोमीटरच्या आसपासच्या अंतरांवर रचलेल्या असतात, आणि त्या अंतरात थोडा फरक पडला की निळ्याचा हिरवा किंवा पिवळसर होतो.

मासळी बाजारात ताज्या बांगड्याकडे जरा बारकाईने पाहिले तर पोट चांदीसारखे आणि पाठीवरच्या काळ्या पट्ट्यांमध्ये निळा-हिरवा रंग खेळताना दिसतो. मासा हातात फिरवला की तो हिरवा पट्टा सरकतो, कधी गुलाबीकडे झुकतो. त्वचेत ग्वानीन या पदार्थाचे पातळ पारदर्शक स्फटिक थरांनी रचलेले असतात. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परततो आणि कोनानुसार कोणते रंग एकमेकांना बळ देतील हे ठरते. रस्त्यावरच्या पाण्यात पेट्रोलचा थेंब पडल्यावर उमटणारे रंग आणि शिंपल्याच्या आतली मोत्यासारखी झाक यांचेही मूळ तत्त्व हेच आहे. ओळखण्याची सोपी खूण अशी, की वस्तू कलती केल्यावर रंगच बदलत असेल तर तो बहुधा रचनेचा समजावा.

दुकानात जुळलेला ब्लाउजपीस घरी आल्यावर साडीशी का जुळत नाही?

कारण तो दुकानातल्या दिव्याखाली जुळला होता. आजचे बहुतेक पांढरे एलईडी दिवे मुळात निळे असतात. सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश पिवळ्या स्फुरदीप्त लेपावर पडतो, आणि लेपातून निघालेला पिवळसर प्रकाश व उरलेला निळा मिळून पांढरा भास होतो. (निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) स्वस्त दिव्यांत गडद तांबडा आणि निळसर-हिरवा भाग तोकडा पडतो. साडी आणि ब्लाउजपीस वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले असतील, तर एका दिव्याखाली दोन्ही कापडांकडून येणारा प्रकाश डोळ्यांतील तिन्ही शंकुपेशींना सारखाच उद्दीपित करू शकतो, आणि उन्हात तो सारखेपणा मोडू शकतो. यात दुकानदाराने फसवले असे मानण्याचे कारण नसते. आबोली, मोरपंखी आणि वांगी रंगांच्या छटांमध्ये हा अनुभव विशेष येतो, कारण त्या मिश्र छटा असतात.

उपाय एकच आणि जुना आहे : दोन्ही कापडे दुकानाच्या दारात, उघड्यावर पण थेट उन्हात नव्हे, अशी धरून पाहावीत, आणि नंतर दुकानातील पिवळ्या दिव्याखालीही पाहावीत. दोन्ही ठिकाणी जुळली तर ती रंगद्रव्येच जवळची आहेत. साडी रात्रीच्या समारंभात नेसायची असेल तर दिव्याखालचे जुळणे अधिक महत्त्वाचे, हेही ध्यानात ठेवावे.

रंगाच्या कार्डावर आवडलेला रंग भिंतीवर भडक का वाटतो?

एक तर मोठ्या क्षेत्रावर तोच रंग अधिक गडद आणि तीव्र जाणवतो. दुसरे म्हणजे खोलीत भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात. पिवळ्या भिंतीवरून परतलेला प्रकाश समोरच्या पिवळ्या भिंतीवर पडतो, तेथे त्यातील निळा भाग पुन्हा एकदा गाळला जातो आणि पिवळेपणा वाढतो. पणजीच्या फोंताइन्हासमध्ये अरुंद गल्ल्यांतून फिरताना हे उघड्यावरही दिसते. गेरूच्या रंगाच्या घरासमोरच्या फिक्या भिंतीवर दुपारी स्पष्ट नारिंगी छटा येते, आणि ऊन सरकले की ती जाते. लाल चिऱ्यांच्या अंगणाजवळील ओसरीचे पांढरे छतही असेच तांबूस दिसते. म्हणून कार्डावरच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या फिका रंग घ्यावा, निदान दोन हात रुंदीचा नमुना प्रत्यक्ष भिंतीवर लावावा, आणि तो सकाळी, दुपारी व दिव्यांत पाहूनच निर्णय करावा. नमुना ओला असताना ठरवू नये.

पिवळा आणि निळा रंग मिसळून हिरवा होतो, मग पडद्यावर तसे का होत नाही?

रंगद्रव्ये मिसळताना प्रकाश कमी होत जातो. पिवळे रंगद्रव्य निळा भाग शोषते, निळे रंगद्रव्य तांबडा भाग शोषते, आणि दोघांच्या तावडीतून सुटतो तो मधला हिरवा. पडद्यावर किंवा रंगमंचावर दिव्यांचे झोत मिसळताना प्रकाश वाढत जातो, म्हणून तेथे पिवळा आणि निळा झोत एकत्र आल्यास पांढऱ्याच्या जवळपासचा उजेड मिळतो. मेळाव्यांसाठी चित्ररथ सजवणाऱ्या शिगमोतील कलाकारांना दोन्ही पद्धती एकाच वेळी हाताळाव्या लागतात, कारण रंगवलेल्या आकृतींवर रंगीत झोत पडणार असतात. हिरव्या झोताखाली लाल वस्त्र ठेवले तर ते काळवंडते.

हळदीचा डाग साबणाने लाल आणि आमसुलाचे पाणी सोड्याने निळसर का होते?

येथे उजेड तोच राहतो आणि रेणू बदलतो. हळदीतील करक्युमिन निळा प्रकाश शोषते म्हणून ती पिवळी दिसते. आम्लारी पदार्थात त्याच्या रेणूची रचना अशी बदलते की तो अधिक लांब तरंगलांबीचा, म्हणजे हिरव्याकडचा प्रकाशही शोषू लागतो, आणि उरलेला प्रकाश लाल दिसतो. हळदीला चुना लावून कुंकू करण्याची जुनी पद्धत यावरच चालते. आमसुलातील अँथोसायनिन रंगद्रव्ये आंबट पाण्यात लाल असतात आणि सोडा पडल्यावर जांभळट, मग निळसर-हिरवट होतात.

दिवेलागणीला लाल फुले काळी आणि पाने उजळ का वाटतात?

उजेड कमी झाला की शंकुपेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि दंडपेशी काम हाती घेतात. दंडपेशी सुमारे ५०० नॅनोमीटरच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वांत अधिक प्रतिसाद देतात आणि तांबड्याला जवळपास देतच नाहीत. चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात याची नोंद केली. तिन्हीसांजेला रस्त्यावरून चालणाऱ्याने लाल कपड्यांवर विसंबून राहू नये, पांढरे किंवा फिके कपडे घालावेत.

तपकिरी आणि गुलाबी रंग इंद्रधनुष्यात का नाहीत?

तपकिरी म्हणजे आजूबाजूच्या मानाने मंद असलेला नारिंगी, आणि फिका गुलाबी म्हणजे पांढऱ्यात मिसळलेला तांबडा. राणी रंगात तांबडा आणि निळा एकत्र येतात व मधला हिरवा नसतो. यांपैकी कोणताही रंग एका तरंगलांबीने तयार होत नाही, म्हणून तो धनुष्यात सापडत नाही.

सर्वांना रंग सारखेच दिसतात का?

नाही. शंकुपेशींची एखादी जात नसेल किंवा तिचा प्रतिसाद वेगळा असेल, तर विशेषतः तांबडा आणि हिरवा यांत फरक करणे कठीण जाते. संबंधित जनुके क्ष गुणसूत्रावर असल्याने हे पुरुषांत अधिक आढळते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. शाळेतील नकाशे आणि आलेख केवळ तांबड्या-हिरव्या रंगांवर अवलंबून ठेवू नयेत, रेषांचे प्रकारही वेगळे द्यावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

काही रंग उन्हात उडतात आणि काही टिकतात, असे का?

कापडाला आणि स्वस्त बाह्य रंगांना दिलेली बरीच रंगद्रव्ये सेंद्रिय असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण त्यांच्या रेणूंतील बंध तोडतात, आणि मोडलेला रेणू दृश्य प्रकाश पूर्वीसारखा शोषू शकत नाही. लोहाची ऑक्साइडे आधीच पूर्ण ऑक्सिडीकरण झालेली, स्थिर संयुगे असतात. उन्हाने त्यांचे फारसे काही बिघडत नाही. गोव्यातील काही जुन्या मंदिरांच्या भिंतींवर लाल मातीचा रंग आणि पांढरा चुना यांतून साकारलेली कावी चित्रे आहेत. त्यांतील लाल रंग टिकून असतो. तेथे खराब होतो तो चुना, ओल शिरल्यामुळे. चिनीमातीच्या रंगीत फरशांवर कोबाल्टच्या संयुगाचा निळा रंग वितळलेल्या काचेच्या थरात अडकलेला असतो, म्हणून तोही उडत नाही. घराच्या दर्शनी भागाला, विशेषतः पश्चिमेकडच्या भिंतीला रंग निवडताना गेरू, पिवळी माती यांसारख्या ऑक्साइडाच्या छटा घेतल्या, तर त्या भडक लाल किंवा गुलाबी छटांपेक्षा जास्त वर्षे तग धरतात. कापडाच्या बाबतीत असा पर्याय सहसा नसतो. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळत घालणे हाच उपाय राहतो.